जोंक नदीकाठचा जमीनदार : हुतात्मा वीर नारायणसिंह

शाळेच्या स्मरणिकेसाठी चरित्रलेख लिहावयाचा म्हटले की आपली दृष्टी सहजच रायगडाकडे, पुण्याकडे किंवा फार तर नागपूरकडे वळते. ते स्वाभाविकही आहे, कारण आपल्या भाषेची आणि स्मृतीची मुळे तिकडे आहेत. परंतु साठ वर्षांचा प्रवास पूर्ण करणारी आपली शाळा रायपूरच्या मातीत उभी आहे. या मातीने आपल्या पूर्वजांना सामावून घेतले, अन्न दिले, घर दिले. म्हणून हीरक महोत्सवाच्या या ग्रंथात याच मातीतील एका पुरुषाचे चरित्र सादर करावे असे मनाशी ठरविले. सोनाखानचे जमीनदार वीर नारायणसिंह हे नाव रायपूरकराला अपरिचित नाही. जयस्तंभ चौकातून जाताना ते आपण वाचतो आणि नवा रायपूरच्या भव्य क्रिकेट मैदानामुळे ते देशभर उच्चारले जाते. मात्र नाव परिचित असणे आणि चरित्र परिचित असणे यांत मोठे अंतर असते. त्यांची कथा आपणा मराठी भाषकांच्या येथील इतिहासाशी किती जवळून गुंतलेली आहे, हे तर आपल्यापैकी अनेकांस ठाऊकही नसेल.

रायपूरच्या पूर्वेस आणि ईशान्येस महानदीच्या पलीकडे गेले की सपाट धानाची शेते संपू लागतात आणि साग, साल व बांबूच्या रानांनी झाकलेल्या टेकड्या सुरू होतात. या टेकड्यांमधून जोंक नदी वाहते. ओडिशाच्या बाजूने येणारी ही नदी शिवरीनारायणच्या परिसरात महानदीला मिळते. तिच्या वाळूत सोन्याचे कण सापडत असत आणि सोनाखान हे नावही त्याच सोन्यावरून पडले असे मानतात. गुरू घासीदासांचे गिरौदपुरी याच मुलखात आहे. आज हा प्रदेश बलौदाबाजार-भाटापारा जिल्ह्यात मोडतो. पिढ्यानुपिढ्या येथे बिंझवार समाजातील एका घराण्याची जमीनदारी होती आणि त्याच घराण्यात 1795 च्या सुमारास नारायणसिंहांचा जन्म झाला. त्यांचे वडील रामराय हे सोनाखानचे जमीनदार होते.

येथे जमीनदारी या शब्दाचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढील साऱ्या संघर्षाचे बीज त्यातच आहे. छत्तीस गडांवरून ज्याला नाव मिळाले त्या या प्रदेशात कलचुरी राजांच्या काळापासून दोन प्रकारचा मुलूख होता. मैदानातील सुपीक भाग खालसा, म्हणजे थेट राज्याच्या वसुलीखालचा असे. कडेचा डोंगराळ व जंगली भाग स्थानिक घराण्यांकडे असे. ही घराणी राजाला टकोली नावाची ठरावीक खंडणी देत, प्रसंगी माणसे घेऊन मदतीस जात आणि आपल्या मुलखाचा कारभार आपल्या रीतीने चालवीत. जमीन विकणे, गहाण ठेवणे, तिचे तुकडे पाडून बाजारात नेणे ही कल्पना या व्यवस्थेत जवळजवळ नव्हती. मैदानातील कित्येक गावांत तर लाखाबाटा नावाची पद्धत होती. ठरावीक काळाने गावातील शेतांची पुन्हा वाटणी होई, म्हणजे चांगली जमीन कायमची एकाच्याच पदरात आणि वाईट जमीन कायमची दुसऱ्याच्या माथी असे होत नसे. जमीनदार किंवा गौंटिया हा एका अर्थी गावाचा कर्ता होता. कर्त्याचा मान त्याला मिळे, परंतु घरात अन्न नसेल तर पहिला प्रश्नही त्यालाच विचारला जाई.

या चित्रात मराठे आले ते 1741 साली. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत बंगालच्या मोहिमेवर जाताना रतनपूरवर चालून आले आणि कलचुरींची सत्ता खिळखिळी झाली. पुढे 1758 पासून रघूजींचे पुत्र बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले. रतनपूरच्या रामटेकडीवरील राममंदिर त्यांच्याच काळातील. विजयादशमीला सोने वाटण्याची आपली चाल आणि दफ्तरातील मोडी लिपी येथे रुजली तीही त्यांच्याच राजवटीत. 1787 साली बिंबाजी निवर्तल्यावर नागपूरहून सुभे नेमून कारभार चालू लागला. सुभे, कमाविसदार, फडणीस, कारकून या निमित्ताने मराठी कुटुंबे या मुलखात आली व वसली. या कारभाराविषयी इतिहासकारांचे मत सर्वस्वी अनुकूल नाही, हेही आपण प्रांजळपणे नोंदविले पाहिजे. बिंबाजींना येथील लोकांनी आपले मानले. परंतु पुढील सुभ्यांच्या काळात नजर राहिली ती मुख्यतः वसुलीवर. नारायणसिंहांचे बालपण गेले ते याच काळात.

1817 साली सीताबर्डीच्या लढाईत नागपूरकरांचा पराभव झाला. दुसऱ्या वर्षी आप्पासाहेब भोसले पदच्युत झाले, अल्पवयीन तिसरे रघूजी गादीवर आले आणि त्यांच्या नावाने इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स राज्याचा कारभार पाहू लागले. छत्तीसगडसाठी इंग्रज अधीक्षक नेमला गेला. प्रथम एडमंड्स आणि त्यानंतर लवकरच कॅप्टन अ‍ॅग्न्यू हे त्या जागी आले. अ‍ॅग्न्यूंनी मुख्य ठाणे रतनपूरहून रायपुरास हलविले. आज राजधानी म्हणून मिरविणाऱ्या आपल्या शहराच्या भाग्योदयाची ती सुरुवात होय. परगण्यांची फेररचना झाली, वसुलीचे हिशेब नव्याने बांधले गेले आणि मोजणीची व नोंदीची इंग्रजी शिस्त प्रथमच महानदीच्या खोऱ्यात शिरली. या शिस्तीत काही चांगले नव्हते असे नाही. सुभ्यांच्या मनमानीने गांजलेल्या रयतेला तिने थोडा श्वासही घेऊ दिला. परंतु जंगलातील घराण्यांना तिच्यात एक नवीनच धोका जाणवला. आपला मुलूख आपल्याकडे परंपरेने आहे, की साहेबाच्या मर्जीने, हा प्रश्न उभा राहिला. सोनाखानच्या रामरायांनी 1818-19 मध्ये उठाव करून त्याचे उत्तर दिले. कॅप्टन मॅगसनच्या फौजेने तो उठाव मोडला आणि रामरायांना तह पत्करावा लागला. त्या वेळी विशी ओलांडून गेलेल्या नारायणसिंहांनी हे सारे डोळ्यांनी पाहिले असणार.

1830 साली छत्तीसगडचा कारभार पुन्हा भोसल्यांच्या हाती आला. त्याच वर्षी रामराय निवर्तले आणि वयाच्या पस्तिशीच्या सुमारास नारायणसिंह सोनाखानचे जमीनदार झाले. पुढील पंचवीस वर्षांविषयी कागदपत्रे फारशी बोलत नाहीत, लोकस्मृती मात्र भरभरून बोलते. त्यांचे घर वाडा म्हणावे असे नव्हते, मातीचे आणि बांबूचे साधे घर होते असे सांगतात. कबऱ्या घोड्यावर बसून ते गावोगाव फिरत, लोकांची गाऱ्हाणी जागेवरच ऐकत. सोनाखानातील राजासागर, रानीसागर आणि नंदसागर हे तलाव त्यांनी खोदविले असे गावकरी मानतात. माणसांवर झडप घालणाऱ्या वाघाला त्यांनी तलवारीने मारल्याची कथाही घरोघरी सांगितली जाते आणि त्यांच्या नावामागील वीर या उपपदाचा संबंध तिच्याशी जोडला जातो. या कथांतील इतिहास किती आणि भक्ती किती, हे वेगळे करणे आज कठीण आहे. तथापि लोक कोणत्या जमीनदाराविषयी अशा कथा जपून ठेवतात आणि कोणाचे नाव दोन पिढ्यांत विसरून जातात, हे लक्षात घेतले तर त्या कथांनाही पुराव्याचे काही मोल येते.

तिसरे रघूजी डिसेंबर 1853 मध्ये निपुत्रिक वारले. दत्तकाचा हक्क नाकारून गव्हर्नर जनरल डलहौसीने मार्च 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. त्याबरोबर छत्तीसगडही कंपनीच्या राज्यात गेले. 1855 च्या आरंभी मराठ्यांचे अखेरचे सुभेदार गोपाळराव यांनी रायपूरचा कारभार कॅप्टन चार्ल्स इलियट या डेप्युटी कमिशनरच्या स्वाधीन केला. आता मध्ये कोणी राजा उरला नाही. जोंकेच्या काठचा जमीनदार आणि रायपूरचा इंग्रज अधिकारी समोरासमोर आले.

वर्ष दीड वर्षातच कसोटीची घटका आली. 1856 साली पावसाने दगा दिला. छत्तीसगडला धानाचे कोठार म्हणतात. परंतु ज्या मुलखात एकच पीक आणि तेही आभाळावर अवलंबून, तेथे एक पावसाळा चुकला तर कोठार रिकामे व्हायला वेळ लागत नाही. सोनाखानच्या परिसरात लोक कंदमुळांवर दिवस काढू लागले. महानदीजवळच्या कसडोल येथे माखन नावाच्या व्यापाऱ्याकडे धान्याचा मोठा साठा होता. नारायणसिंहांनी उपाशी गावांसाठी धान्य मागितले. पुढील पिकावर परत करण्याच्या बोलीने त्यांनी ते मागितले असे सांगितले जाते. व्यापाऱ्याने नकार दिला. तेव्हा नारायणसिंहांनी कोठाराचे कुलूप तोडविले, लोकांना पुरेल इतके धान्य काढून वाटले आणि आपण काय केले व का केले हे स्वतःच डेप्युटी कमिशनरला कळविले.

मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाला येथे मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. बेदरच्या बादशहाची कोठारे दुष्काळात लोकांसाठी खुली करणाऱ्या त्या ठाणेदाराची कथा आपण आजीच्या तोंडून ऐकली आहे. दामाजीपंतांसाठी विठ्ठल महाराचे रूप घेऊन धावून गेला आणि धान्याची किंमत चुकती करून आला. नारायणसिंहांसाठी कोणी रसद भरावयास गेले नाही. परंतु दोन्ही कथांचा गाभा एकच आहे. ज्याच्या हाती कोठाराची किल्ली आहे त्याचा हक्क मोठा, की ज्याच्या घरात चूल पेटलेली नाही त्याचा, हा तो प्रश्न होय. छत्तीसगडच्या लोकाचारात त्याचे उत्तर आधीपासूनच होते. पौष पौर्णिमेला छेरछेरा मागत मुले दारोदार फिरतात आणि प्रत्येक घर आपल्या कोठीतील धान त्यांच्या झोळीत घालते. मागणारा भिकारी ठरत नाही, देणारा उपकारकर्ता ठरत नाही. कापणीनंतरच्या सुगीत जो धर्म, तोच दुष्काळातही धर्म, एवढेच नारायणसिंहांनी मानले असावे.

इंग्रजी कायद्याच्या पुस्तकात मात्र या कृत्याचे नाव दरोडा असे होते. व्यापाऱ्याने फिर्याद केली, इलियटने अटकेचा हुकूम काढला आणि 24 ऑक्टोबर 1856 रोजी नारायणसिंहांना संबलपूर येथे पकडून रायपूरच्या तुरुंगात आणण्यात आले. त्या क्षणी दोन प्रकारचे न्याय एकमेकांसमोर उभे होते. एकात मालमत्ता पवित्र होती, दुसऱ्यात भूक आधी मोजली जात होती. इलियट हा व्यक्ती म्हणून क्रूर होता असे मानण्याचे कारण नाही. तो आपल्या पुस्तकाप्रमाणे वागला. परंतु केवळ पुस्तकाप्रमाणे वागणारे राज्य लोकांना परके का वाटते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधून सापडणार नाही.

पुढच्या वर्षी उत्तर हिंदुस्थानात उठावाचा वणवा पेटला. रायपुरात त्या वेळी देशी पायदळाची तिसरी पलटण होती. तिच्यातील काही शिपायांच्या साहाय्याने 28 ऑगस्ट 1857 रोजी नारायणसिंह आपल्या काही साथीदारांसह तुरुंगातून निसटले आणि सोनाखानला पोहोचले. साठी ओलांडलेल्या या पुरुषाने सुमारे 500 माणसे जमविली, तोड्याच्या बंदुका गोळा केल्या आणि गावाकडे येणाऱ्या वाटा रोखल्या. पूर्वी त्यांच्यावर दरोड्याचा आरोप होता, आता ते उघड बंडखोर ठरले.

नोव्हेंबरच्या उत्तरार्धात लेफ्टनंट स्मिथची तुकडी रायपूरहून निघाली. खरौदच्या बाजूने ती पुढे सरकली. वाटेत तिला शेजारच्या जमीनदारांची मदत मिळाली. कटंगी, भटगाव, बिलाईगड येथील माणसे इंग्रजांच्या बाजूने उभी राहिली आणि देवरीचा जमीनदार तर नात्यातलाच असूनही शत्रूला मिळाला. ही गोष्ट वाचताना मन खिन्न होते. परंतु तिचा अर्थही समजून घ्यावा लागतो. नव्या राजवटीत कोणाची जमीन राहणार आणि कोणाची जाणार हे साहेबाच्या लेखणीवर ठरणार होते. ज्यांना आपले घराणे वाचवावयाचे होते त्यांनी शेजाऱ्याचे घराणे बुडू दिले. जमिनीची मालकी कागदावर गेली की माणसामाणसांतील नाते कसे बदलते, हे जोंकेच्या काठी त्या हिवाळ्यात दिसून आले.

डिसेंबरच्या आरंभी फौज सोनाखानला भिडली. गाव ओस पडले होते, लोक रानात गेले होते. रिकाम्या घरांना आग लावण्यात आली. नारायणसिंह जवळच्या कुर्रूपाट डोंगरावर होते. त्यांनी तेथून लढा दिला. परंतु वेढा आवळत चालला, दारूगोळा तोकडा पडला आणि आपल्यामुळे रयतेची राखरांगोळी होत आहे हे त्यांना दिसत होते. 2 डिसेंबर रोजी ते इंग्रजांच्या स्वाधीन झाले. त्यांना रायपुरास आणण्यात आले. खटल्याचा सोपस्कार काही दिवसांतच उरकला आणि 10 डिसेंबर 1857 रोजी फौजेसमोर त्यांना फाशी देण्यात आले. फाशीची ती जागा म्हणजे आजचा जयस्तंभ चौक असे रायपूरची लोकस्मृती सांगते. त्यांना तोफेच्या तोंडी दिले अशीही समजूत प्रचलित आहे आणि 1987 साली डाक विभागाने काढलेल्या तिकिटावरील चित्रातही तीच उतरली आहे. सरकारी नोंदी मात्र फाशीच सांगतात. मृत्यूची रीत कोणतीही असो, त्याचे कारण बदलत नाही.

ज्यांच्यासमोर हे घडले त्या शिपायांनी ते विसरून टाकले नाही. अवघ्या पाच आठवड्यांनी, 18 जानेवारी 1858 च्या रात्री, तिसऱ्या पलटणीतील हनुमानसिंहाने सार्जंट मेजर सिडवेलला ठार केले व रायपूरच्या छावणीत उठाव झाला. तो काही तासांतच दडपला गेला. हनुमानसिंह हाती लागला नाही, परंतु त्याच्या 17 साथीदारांना 22 जानेवारी रोजी फाशी झाली. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते. एका वनवासी जमीनदाराच्या हौतात्म्यापाठोपाठ सतरा सैनिकांचे बलिदान, ही रायपूरच्या 1857 ची खरी ओळख होय.

सोनाखानच्या घराण्याच्या हातून मुलूख गेला. त्यानंतर दहा-बारा वर्षांत साऱ्या रायपूर जिल्ह्याची पहिली सविस्तर जमीन पाहणी झाली आणि तिचा अहवाल 1869 साली हेविट या अधिकाऱ्याने सादर केला. गौंटिये मालगुजार झाले, म्हणजे गावाच्या कर्त्याचे गावाच्या मालकात रूपांतर झाले. जमीन आता गहाण पडू शकत होती, लिलावात जाऊ शकत होती. जंगल सरकारी राखीव झाले. नारायणसिंह ज्या जगासाठी लढले ते जग त्यांच्या मागोमाग असे शांतपणे, कागदोपत्री नाहीसे झाले. तरीही प्रश्न मिटला नाही. 2016 साली सोनाखान परिसरातील बाघमारा येथील सोन्याच्या खाणीचा लिलाव झाला तेव्हा जमिनीखालचे कोणाचे आणि जमिनीवरचे कोणाचे, हा जुना प्रश्न नव्या कपड्यांत पुन्हा उभा राहिला.

आज छत्तीसगड शासन आदिवासी समाजाच्या उत्थानासाठी कार्य करणाऱ्यांना नारायणसिंहांच्या नावे सन्मान देते. 10 डिसेंबरला त्यांचा बलिदान दिवस साजरा होतो. मराठी शाळेतील आपण या दिवसाकडे परकेपणाने पाहण्याचे कारण नाही. मराठी माणूस येथे आला तो बहुतांशी दौत-लेखणी आणि हिशेबाची वही घेऊन. त्या वहीने कारभार उभा केला, मंदिरे व पाठशाळा उभ्या केल्या. त्याच वहीत रयतेकडून येणे असलेली बाकीही लिहिलेली होती. वहीत आकडा लिहिताना त्या आकड्यामागचे घर दिसणे, हेच शिक्षणाचे खरे फलित आहे. आपल्या शाळेतून बाहेर पडलेले विद्यार्थी आज बँकांत, कचेऱ्यांत, दवाखान्यांत, न्यायालयांत व व्यापारात आहेत. कोणत्या ना कोणत्या कोठाराची किल्ली त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती आहे. नियम पाळावेच लागतात आणि ते पाळण्याची शिस्त आपण शाळेतच शिकवितो. परंतु नियम कोणासाठी केला आहे याचा विसर पडू न देणे हेही शाळेनेच शिकवावयाचे असते. नारायणसिंहांनी आपले कृत्य लपविले नाही, त्याचे कारण सांगितले आणि त्याची किंमत स्वतः मोजली. बाणेदारपणा यालाच म्हणतात.

पालकांना एक विनंती करावीशी वाटते. सुट्टीत मुलांना घेऊन सिरपूरची मंदिरे पाहावयास जाल, बारनवापाराच्या अभयारण्यात जाल, तेव्हा थोडी वाट वाकडी करून सोनाखानपर्यंत जावे. तेथील तलावाच्या काठी उभे राहून, आपण जी भाकरी खातो आणि जो भात जेवतो तो कोणाच्या जमिनीत पिकतो, एवढाच प्रश्न मुलांना विचारावा. उत्तर त्यांना त्यांच्या वयाप्रमाणे सुचेल. पुढील साठ वर्षांत या शाळेतून घडणारी माणसे त्या प्रश्नापाशी क्षणभर थांबावयास शिकली, तर हीरक महोत्सव सार्थकी लागला असे म्हणता येईल.